शहाण्णव माणसं

कन्हाळटोल्यात मुनादी द्यायची तर नऊ ठिकाणी थांबावं लागतं. ग्रामपंचायतीच्या पायरीपासून सुरुवात, मग मारुतीचं देऊळ, आटाचक्की, शाळेचं फाटक, मासेमारांचा ढिवर मोहल्ला, असं करत करत शेवटचा थांबा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर. पितळी थाळी वाजवायची, माणसं गप्प व्हायची वाट पाहायची आणि पंचायतीचा निरोप मोठ्यानं सांगायचा. लटारू भानारकर सव्वीस वर्षं हे करत होता. तो पंचायतीचा चपराशी. कार्यालय झाडणं, नळाचा वॉल्व्ह खोलणं, घरोघरी चिठ्ठ्या पोचवणं ही त्याची रोजची कामं, आणि मुनादी हे महिन्यातून दोन-तीनदा येणारं. साठी जवळ आली तसा त्याचा डावा गुडघा पाचव्या थांब्यालाच कुरकुरायला लागायचा. पारीवर चढताना तो दोनदा थांबायचा आणि कोणी पाहिलंच तर तलावाकडे बघत उभा असल्यासारखं करायचा.

एक गोष्ट त्याला फार आधीच कळून चुकली होती. गावाचे कान सगळ्या मुनादीला सारखे उघडत नाहीत. जंगलखात्याचा निरोप आला, नाल्याकडे वाघ फिरतो आहे, तर त्याला थाळी दुसऱ्यांदा वाजवावी लागत नसे. बाया हातातलं काम टाकून दारात येत. कोणत्या अंगाला दिसला, कोणाची गाय नेली, सकाळी की सांजेला, असं विचारून विचारून त्याला भंडावून सोडत. पण ग्रामसभेची मुनादी असली की चक्कीवाला पट्टा बंद करत नसे. नळावरच्या बाया भांडी भरत राहत.

आणि त्यांचं काही चुकत होतं असंही त्याला वाटत नसे. ग्रामसेवक लिहून देई तो कागद असा असे: "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, विषयपत्रिकेवरील विषय क्रमांक एक ते सात, तसेच अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करण्यासाठी सभा आयोजित केली आहे, तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे." लटारू सातवी शिकलेला. त्याला हे वाचता येई, पण नऊ ठिकाणी वाचूनसुद्धा त्यातलं काय कोणासाठी आहे ते त्याचं त्यालाच समजत नसे. तो वाचायचा, थाळी काखेत मारायचा आणि पुढे निघायचा.

गावात मतदार सहाशे चाळीस. सभेला त्यातले शहाण्णव हजर असले तर कोरम भरतो, म्हणजे सभा धरली जाते. शहाण्णव कधी भरत नसत. वीस-पंचवीस माणसं यायची, अर्धा तास वाट पाहिली जायची, मग ग्रामसेवक वहीत 'कोरमअभावी तहकूब' असं लिहायचा. आठ-पंधरा दिवसांनी तीच सभा पुन्हा बसायची, आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमच लागत नाही. जे असतील त्यांच्यात ठराव व्हायचे. इतकी वर्षं असंच चाललं होतं, आणि त्यात कोणाचं काही बिघडलं असं कोणाला दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अशीच एक सभा तहकूब झाली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवली गेली. लटारू मुनादी देत पारीवर पोचला तेव्हा दादाजी शेंडे बकऱ्या घेऊन गायरानाकडे निघाला होता. गायरान म्हणजे तलावामागची गावाची चराई. दादाजी गावच्या बकऱ्या राखायचा. दोघे एकाच वयाचे, एकाच बोरीखाली बोरं पाडून मोठे झालेले.

"आज का आहे रे?" दादाजीनं विचारलं.

"सभा आहे. येजो."

"बकऱ्या कोन पाहिल मंग? कामाचं काही असंन तर सांग, पोराले धाडतो."

लटारूच्या हातात कागद होता. विषय क्रमांक पाच, 'गौण खनिज उत्खननास ना-हरकत देणेबाबत'. तो त्याचा आठ ठिकाणी वाचून झाला होता. 'गौण खनिज' म्हणजे काय हे त्यानं विचारलं नव्हतं. गुडघा ठणकत होता, घरी जायची घाई होती.

"काही नाई," तो म्हणाला. "नेहमीचंच."

दादाजी बकऱ्यांमागे गेला. दुपारी सभेला नऊ जण होते. ग्रामसेवकानं हजेरीची वही फिरवली, आणि संख्या फारच कमी दिसते म्हणून लटारूलाही सही करायला लावली. तोही मतदारच होता. नववी सही त्याची.

उन्हाळ्यात गायरानात यंत्र आलं. 'गौण खनिज' म्हणजे मुरूम हे गावाला तेव्हा कळलं, लटारूलाही. टिप्पर चालू झाले, रस्त्याकडेच्या घरांत ताटावर धूळ बसू लागली. लोक चिडले, पंचायतीत गेले. सरपंच बापूरावांनी वही उघडून दाखवली. ठराव ग्रामसभेचा होता, सह्या गावच्याच होत्या. लोक मुकाट्यानं परत आले. वर्षभरात तिथं दोन मोठे खड्डे झाले, सरळ कडांचे, माणसाच्या तिप्पट खोल. पावसाळ्यात ते भरले आणि वरून धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखे साधे दिसू लागले.

दुसऱ्या ऑगस्टमध्ये धानाचं रोवणं संपत आलं असताना दादाजीची एक पाठ त्यातल्या एका खड्ड्याच्या काठावरून घसरली. पाठ म्हणजे पहिल्यांदाच व्यायला आलेली बकरी. तिला काढायला तो वाकला, आणि ओला मुरूम पायाखालून सुटला. पोहता येत होतं त्याला, सगळ्या तलावाकाठच्यांना येतं. पण कडेला धरायला काही नव्हतं. बाकीच्या बकऱ्या एकट्याच घरी आल्या तेव्हा लोक शोधायला गेले. ढिवर मोहल्ल्यातल्या पोहणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. त्यांच्यात लटारूचा भाऊही होता. लटारू काठावर उभा होता. त्याला आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी दादाजीनं विचारलं होतं.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. गोकुळा दोन-तीनदा म्हणाली, "जेवून नाई राह्यले तुम्ही. दवाखान्यात चला." तो गेला नाही. सकाळी कार्यालय झाडायचं, वॉल्व्ह खोलायचा, दुपारी पायरीवर बसायचं. त्याला झोप येई, पण उठल्यावर थकवा तसाच असे. मुनादी तो देत राहिला, फक्त आवाज खाली गेला. ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी म्हणाली, "लटारू, तू सांगून राह्यला का मनातच बोलून राह्यला?"

सहा महिन्यांनी, फेब्रुवारीत, ग्रामसेवक सुरेंद्रनं त्याच्या हातात नवा कागद दिला. सुरेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे तीन गावं होती, तीन गावांचे सगळे रकाने भरून तोही पार दमलेला असे. लटारूनं या वेळी कागद पायरीवर बसून वाचला. विषय क्रमांक तीन, 'विद्यमान उत्खनन क्षेत्राच्या विस्तारास ना-हरकत'.

"साहेब, विस्तार म्हनजे खड्डा मोठा करन्याचा का?"

सुरेंद्रनं मान वर केली. "हो. तलावाच्या बाजूला अजून पाच एकर."

"पारीपर्यंत?"

"पारीच्या अलीकडे थांबतील म्हणतात."

"आनि कोरम नाई भरला तर?"

"तर पुढच्या आठवड्यात." सुरेंद्रनं पुन्हा वहीत मान घातली. "तुम्हाला माहीतच आहे, लटारूभाऊ."

लटारूनं कागदाची घडी केली आणि त्या दिवशी तो मुनादीला गेला नाही. तो दादाजीच्या घरी गेला. दादाजीची बायको इंदुताई अंगणात लाखोरीच्या शेंगा झोडून झाल्यावर सुपानं पाखडत बसली होती. दादाजी गेल्यापासून लटारू या अंगणात आलाच नव्हता. तिनं सूप थांबवलं नाही, पण बसायला पोतं पुढे सरकवलं.

"बाई, गायरानाची सभा आहे परवा," तो म्हणाला. "खड्डा वाढवाचा म्हनतात. मी मुनादीत दादाजीचं नाव घेऊ का?"

"काऊन?"

"नाव नाई घेतलं तर कोनी येत नाई. मी सव्वीस वर्षं पाहून राह्यलो."

इंदुताईनं सुपातलं फोलपट उडवलं. मग म्हणाली, "घेजो. पन खरं सांगजो. लोक म्हनतात तो पिऊन होता. नोता तो. बकरीच्या मागं गेला होता."

"आनखी एक आहे." लटारूनं पोत्याचा एक दोरा ओढला. "त्या ठरावाच्या दिवशी त्यानं मले विचारलं होतं, कामाचं आहे का म्हनून. मी म्हनलो, काही नाई. नेहमीचंच. मलेच माहीत नोतं. मी विचारलंच नोतं कोनाले. आनि सही बी केली."

सूप थांबलं. लटारू जमिनीकडे पाहत राहिला. ती ओरडेल, निघून जा म्हणेल असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरंही वाटलं असतं. ती पुन्हा पाखडायला लागली. फोलपटं वाऱ्यावर त्याच्या गुडघ्यावर येऊन पडली.

"हेही सांगजो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पंचायतीच्या पायरीवर थाळी वाजवली. कागद खिशात होता, तो बाहेर काढला नाही. दोन-चार माणसं नेहमीसारखी तिथून जात होती.

"ऐका बाप्पा. उद्या अकरा वाजता शाळेत सभा आहे. दादाजी शेंडे जिथी बुडाला, तो खड्डा तलावाच्या बाजूनं आनखी पाच एकर खनाचा का नाई, हे उद्या ठरनार आहे. तुम्ही आले तर तुम्ही ठरवान. नाई आले तर पुढच्या आठवड्यात आठ-नऊ जन ठरवतीन. मागच्या वेळी नऊ जनांनी ठरवलं. त्यातला नववा मी होतो."

जाणारी माणसं उभी राहिली. लटारूला पुढचं बोलायला जोर लावावा लागला.

"त्या दिवशी दादाजीनं मले विचारलं, सभेत कामाचं काही आहे का. मी म्हनलो, काही नाई. तो बकऱ्या घेऊन गेला. तो पिऊन नोता. पाठ पडली म्हनून तो वाकला. एवढंच सांगाचं आहे."

त्यानं थाळी काखेत मारली. तो देवळाकडे निघाला. तिथं पुन्हा तेच सांगितलं, आणि सांगताना कळलं की दुसऱ्यांदा ते सोपं होत नाही. आटाचक्कीवर चक्कीवाल्यानं पट्टा बंद केला. शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत बातमी त्याच्या पुढे गेली होती. बाया आधीच उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "पारीपर्यंत खनतीन तर तलावाचं पानी कुठी जाईन?" त्याला माहीत नव्हतं, आणि या वेळी तो तसंच म्हणाला. "मले नाई माहीत. उद्या साहेबाले विचारजा. सांगाच लागन त्याले."

पाचवा थांबा होण्याआधी बापूरावांची गाडी आली. सरपंच खाली उतरले, पण आवाज चढवला नाही. त्यांना तशी सवय नव्हती.

"लटारूभाऊ, काय चालवलंय हे? सूचना लिहून दिली ना तुम्हाले?"

"हौ."

"मंग ती वाचा. सोताचं काऊन जोडता? मेल्या मानसाचं नाव घेऊन लोकाले भडकावता?"

"भडकावून नाई राह्यलो. त्याच्या बाईले विचारून घेतलं."

बापूरावांनी हात पुढे केला. "थाळी द्या. उद्यापासून कचऱ्याच्या गाडीवर भोंगा लावू. रेकॉर्ड करून. तुमालेही आराम होईन."

लटारूनं थाळी दिली. खरं तर त्याला त्या क्षणी घरी जाऊन पडावंसं वाटलं. कोणी नावं ठेवली नसती, थाळीच नाही तर मुनादी कसली. तो चार पावलं घराकडे गेलाही. पण ढिवर मोहल्ला राहिला होता, दादाजीला खड्ड्यातून बाहेर काढणाऱ्या तिथल्या माणसांनी अजून ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं त्याला चाललं नसतं. तो तसाच गेला. बिनथाळीचा, एकेका दारासमोर उभा राहून हळू आवाजात सांगत. नऊ थांब्यांचं काम तिथपासून पन्नास-साठ दारांचं झालं. पारीवर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो तिथंच दगडावर बसला, आणि गोकुळा त्याला शोधत आली तेव्हा तिच्या खांद्याला धरून उठला.

सभेला शाळेचा वर्ग पुरला नाही. माणसं व्हरांड्यात, मग अंगणात बसली. सुरेंद्र हजेरीची वही फिरवत राहिला. पान संपलं, दुसरं उघडलं. सह्या आणि अंगठे मिळून एकशे अठ्ठावीस झाले. "कोरम पूर्ण," तो म्हणाला, आणि हे दोन शब्द त्यानं या गावात पहिल्यांदाच उच्चारले होते.

सभा काही गोड झाली नाही. तासभर नुसता गोंधळ होता. कोणी घरकुलाचं काढलं, कोणी नालीचं, एकजण दुसऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून भांडायला उठला. इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं एकदम बाहेर आलं. लटारू दाराशी उभा राहून पाणी देत होता, आणि त्याला वाटलं, याच्यासाठी का आणलं आपण यांना? मग विषय तीन आला. बापूराव बोलले, गावाला रस्ता मिळेल, पोरांना काम मिळेल. काहींनी माना डोलावल्या. त्यात दादाजीचे शेजारीसुद्धा होते, त्यांची पोरं टिप्परवर होती.

इंदुताई उठली. तिला उठलेलं पाहून आवाज कमी झाले.

"मी जास्त नाई बोलत," ती म्हणाली. "आमच्या घरून त्या दिवशी कोनी आलं नोतं सभेले. आज मी आलो. मले तो खड्डा मोठा नाई पाहिजे. आहे तो बुजवा."

ती बसली. सुरेंद्रनं हात वर करायला सांगितले आणि एक-एक ओळ मोजली. विस्ताराच्या विरोधात ब्याऐंशी. बाजूनं एकतीस. बाकीच्यांनी हात वर केलेच नाहीत. ना-हरकत नाकारली. जुना खड्डा बुजवून कुंपण करण्याचा ठरावही त्याच वहीत लिहिला गेला.

विस्तार थांबला. तहसीलमधून दोन माणसं येऊन जागा पाहून गेली, त्यानंतर यंत्र दुसऱ्या गावी गेलं. खड्डा मात्र बुजला नाही. कोणी बुजवायचा यावर दोन कार्यालयांची पत्रं अजून एकमेकांकडे जातात. काठाला काटेरी तार लागली आहे, तीही ढिवर मोहल्ल्यानं स्वतः लावली. ज्यांच्या पोरांचं टिप्परवरचं काम गेलं ते लटारूशी बोलत नाहीत. त्यातला एक त्याचा सख्खा मामेभाऊ आहे. आणि मे महिन्याच्या ग्रामसभेला एकावन्न माणसं आली. तहकूब.

लटारूचं काम गेलं नाही. बापूरावांनी तसा विचार केला होता म्हणतात, पण सुरेंद्रनं कागदावर काही येऊ दिलं नाही. कचऱ्याच्या गाडीवर भोंगा बसला. आता ग्रामसभेची सूचना बाईच्या गोड आवाजात वाजत गावभर फिरते, 'विषय क्रमांक एक ते सात'. लटारूला चालावं लागत नाही. गुडघ्याला बरं आहे.

पण भोंगा वाजून गेला की लोक त्याच्याकडे येतात. आधी एक-दोन बाया आल्या, आता नळावर, चक्कीवर, कुठेही अडवतात. "लटारूभाऊ, ते चार नंबरचं का आहे? आपल्याले त्यातलं काही लागते का?" पूर्वी तो म्हणाला असता, नेहमीचंच. ते शब्द आता त्याच्या तोंडून निघत नाहीत. म्हणून प्रत्येक विषयपत्रिका आली की तो दुपारभर सुरेंद्रच्या टेबलासमोर बसतो, एकेका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, याचा अर्थ काय, यात कोणाचं घर आहे, कोणाचं शेत, कोणाची विहीर. सुरेंद्र कधी वैतागतो, कधी समजावून सांगतो. काही ओळी त्यालाही नीट माहीत नसतात. मग तो तालुक्याला फोन लावतो, आणि दोघेही फोन उचलला जाण्याची वाट पाहत बसतात.

ऑगस्टच्या सभेआधी एका दुपारी गोकुळा डबा घेऊन आली. तेव्हाही ते असेच बसले होते. तिनं डबा टेबलावर ठेवला.

"मुनादी बंद झाली तं आराम भेटन म्हनलं होतं तुम्हाले," ती म्हणाली.

"भेटला ना," लटारू म्हणाला. "पायाले भेटला."

त्यानं डबा बाजूला सरकवला आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. "साहेब, हे सहावं. 'वहिवाट रस्ता निर्लेखित करणेबाबत'. कोनता रस्ता?"

सुरेंद्रनं नकाशा उलगडला, आणि दोघांनी त्यावर डोकं घातलं.